नकाशाच्या कामाची आणेवारी

उभ्या पिकाची आणेवारी कशी काढतात हें यवतमाळ जिल्ह्यांतील शेतकऱ्यास नव्यानें सांगावयास नको. आधीं नजरअंदाज होतो, मग सुधारित आंकडा निघतो, आणि शेवटीं ठराविक शेतांत प्रत्यक्ष कापणी-मळणी करून, वजन घेऊन अंतिम आंकडा ठरतो. आण्यांच्या जागीं आतां पैसे आले. पन्नास पैशांच्या आंत कीं बाहेर, या एका गोष्टीवर गांवाचें पुष्कळ बरेंवाईट ठरत असल्यामुळें आंकडा कोणी, कोठें व कसा काढला याची चौकशी गांवकरी कसोशीनें करतात. गेल्या कांहीं वर्षांत मात्र गांवांत दुसरी एक वस्तु आली आहे. तिच्यावरही तितकेंच बरेंवाईट अवलंबून आहे; पण तिची आणेवारी कोणी काढीत नाहीं. ती वस्तु म्हणजे संगणकावर तयार झालेला नकाशा.

शेततळें कोणाच्या गटांत घ्यावें, नाल्यावर बंधारा कोठें बांधावा, गांवांत पाणी किती व तें कोणत्या पिकास पुरेल, अशा अनेक प्रश्नांचा निकाल आतां नकाशाच्या साहाय्यानें होतो. असे नकाशे करणाऱ्या व वापरणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ सालापासून उपग्रहाच्या चित्रांवरून हें काम करीत आहे. भूमि अभिलेख खातें, भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा, कृषि खातें हींही आपापल्या कामापुरते नकाशे ठेवतात. आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था व उत्पादक कंपन्या यांसही सभासदांच्या शेतांचे नकाशे ठेवणें आतां आवाक्यांतलें झालें आहे. कोणाच्या नकाशावर किती भरंवसा ठेवावा, आणि आपल्याच संस्थेनें हें काम आरंभिलें असल्यास तें कोणत्या पायरीवर आलें आहे हें कसें ओळखावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

थरांचा नकाशा

जुना गांवनकाशा सर्वांच्या पाहण्यांतला आहे. वऱ्हाडची मोजणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीनें झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. त्या नकाशावर हद्दी, नाले, वाटा व विहिरी दिसतात. परंतु कोणत्या गटांत बरड आहे, कोठें कमरेइतकी खोल काळी आहे, कोणत्या विहिरीचें पाणी फाल्गुनांत आटतें, ही माहिती कागदावर नसून जाणत्यांच्या डोक्यांत असते.

भौगोलिक माहिती प्रणाली, जिला थोडक्यांत जी. आय. एस. म्हणतात, तिच्यांत अशा प्रत्येक माहितीचा एक स्वतंत्र थर करतात. एक थर गटांच्या हद्दींचा, दुसरा मातीचा, तिसरा उताराचा, चौथा नाल्यांचा, पांचवा पिकांचा. सर्व थर एकाच अक्षांश-रेखांशांवर बसविले म्हणजे पारदर्शक कागद एकावर एक ठेवल्याप्रमाणें कोणत्याही गटांत काय काय येतें तें एका दृष्टीनें दिसतें. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत याचा उपयोग मोठा आहे. वर्धा व पैनगंगा या नद्यांमधील हा १६ तालुक्यांचा मुलूख एकजिनसी नाहीं. बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. माथ्यावर हातभर मातीखालीं मुरूम लागतो, तर नदीनाल्यांच्या कांठीं खोल भारी जमीन असते. वणीकडे गेलें कीं कोळशाचे व चुनखडीचे खडक येतात. एकच शिफारस साऱ्या जिल्ह्यास लावतां येत नाहीं, म्हणून थरांचा नकाशा पाहिजे. मात्र थर जितके अधिक, तितक्या चुकीच्या जागाही अधिक.

परीक्षेची रीत कोठून आली

कामाची पक्वता पायऱ्यांनीं मोजण्याची ही कल्पना संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या बाबतींत पुढें आली. अमेरिकेच्या संरक्षण खात्यास आज्ञावली लिहून देणाऱ्यांपैकीं भरंवशाचे कोण, हें ठरविण्यास कांहीं माप हवें होतें. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या एका संस्थेंत वॉट्स हम्फ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत असा विचार मांडला कीं, केवळ तयार माल न तपासतां तो करण्याची रीत तपासावी. कारण कच्च्या रीतींतून एखादे वेळीं चांगला माल निघाला, तरी तो पुन्हां निघेल याची हमी नसते. पुढें, सिएटल शहर ज्यांत येतें त्या किंग काउंटीच्या कचेरींतील ग्रेग बाबिन्स्की यांनीं हीच रीत नकाशांच्या कामास लावण्यांत पुढाकार घेतला, आणि ‘यूरिसा’ या तेथील व्यावसायिक संघटनेनें २०१३ सालीं तिचा आराखडा प्रसिद्ध केला.

त्या आराखड्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागांत साधनें पाहतात: आधारभूत थर, यंत्रें, आज्ञावली, शिकलेली माणसें आणि पैसा. दुसऱ्या भागांत वहिवाट पाहतात: थर ताजे कसे ठेवतात, चूक कशी शोधतात, प्रती कशा जपतात, मागणाऱ्यास नकाशा कसा देतात. साधनें मोजतांना तीं किती प्रमाणांत आहेत एवढेंच पाहावयाचें. वहिवाट मात्र पांच पायऱ्यांवर मोजावयाची. हा भेद शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं. गोठ्यांत बैलजोडी आणि अंगणांत वखर, तिफण व डवरा असला म्हणून वाफसा साधला असें होत नाहीं.

पांच पायऱ्या

पहिल्या पायरीवर काम एका माणसाच्या हुशारीवर चालतें. कचेरींत एक होतकरू तरुण असतो. त्यास नकाशा काढतां येतो. त्याची बदली झाली कीं काम थांबतें, आणि फाइल कोणत्या संगणकांत आहे हेंही कोणास ठाऊक नसतें.

दुसऱ्या पायरीवर मागच्या वर्षीं जें केलें तें या वर्षीं पुन्हां करतां येतें. पण शेजारच्या तालुक्यांत तेंच काम निराळ्या तऱ्हेनें होत असेल, तर दोहोंचे नकाशे शिवेवर जुळत नाहींत.

तिसऱ्या पायरीवर रीत लिहिलेली असते. प्रत्येक थराबरोबर तो कोणी, केव्हां, कोणत्या प्रमाणावर व कशावरून काढला याचा दाखला असतो, आणि नवा माणूस तो वाचून काम पुढें चालवूं शकतो.

चौथ्या पायरीवर चूक मोजली जाते. नुसतें ‘नकाशा बरोबर आहे’ असें न म्हणतां, किती जागा तपासल्या, त्यांपैकीं किती जुळल्या व फरक किती मीटरांपर्यंत निघाला, हें संस्था सांगते.

पांचव्या पायरीवर त्या मोजमापावरून रीतच सुधारली जाते.

सोयाबीनच्या बियाण्याचें उदाहरण घ्यावें. शेजाऱ्यानें दिलें म्हणून पेरणें ही पहिली पायरी. शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून किती उगवले तें मोजणें ही चौथी. सत्तरांहून कमी उगवल्यास एकरीं बियाणें वाढविणें किंवा तें टाकून दुसरें आणणें, आणि पुढील हंगामासाठीं साठवणीची रीत बदलणें ही पांचवी. मधल्या पायऱ्या चुकवून चौथीवर उडी मारतां येत नाहीं. कारण दर वर्षीं निराळ्या रीतीनें दाणे मोजले तर आंकड्यांची तुलनाच होऊं शकत नाहीं.

पाण्याचा ताळेबंद व मातीची रेघ

आतां जिल्ह्यांतीलच उदाहरण पाहूं. जागतिक बँकेच्या साहाय्यानें २०१८ सालीं सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यांतील पंधरा जिल्ह्यांत यवतमाळ होतें. निवडलेल्या गांवीं ग्राम कृषि संजीवनी समिति स्थापून गांवाचा आराखडा करावयाचा, व त्याच्या मुळाशीं पाण्याचा ताळेबंद ठेवावयाचा, अशी ती योजना. ताळेबंदाची गणितपद्धति मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेनें बसविली. पडलेल्या पावसापैकीं किती वाहून गेला, किती मातींत राहून पिकास मिळाला व किती खालीं भूजलांत उतरला, याची वांटणी पाऊस, मातीचा पोत व खोली, उतार आणि पीक यांवरून करतात. पाऊस हवामान केंद्रावर मोजतां येतो. माती व उतार मात्र नकाशाच्या थरांवरूनच घ्यावे लागतात.

या हिशेबांत एका रेघेची किंमत काय असते? भारी काळ्या मातीच्या एक मीटर खोलींत पिकास घेतां येईल असें पाणी साधारण १५० ते २०० मिलिमीटर सांठतें. मातीची खोली २५ सेंटिमीटरच असेल, तर तें ४० ते ५० मिलिमीटरांवर येतें. शेंगा भरण्याच्या वेळीं सोयाबीन दिवसास सुमारें ४ ते ५ मिलिमीटर पाणी घेतें. म्हणजे पावसानें ओढ दिल्यास उथळ जमिनींतील पीक आठ ते बारा दिवसांत माना टाकतें, आणि खोल जमिनींतील पीक महिनाभर तग धरतें.

अशा वेळीं एका हेक्टरास ५० मिलिमीटरांची एक संरक्षक पाळी द्यावयाची तर ५०० घनमीटर पाणी लागतें. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल, बाजूंस एकास एक उतार दिलेल्या शेततळ्यांत सुमारें २,२०० घनमीटर पाणी मावतें. बाष्पीभवन व झिरपा सोडून दिल्यास एका हेक्टरास चार पाळ्या होतात. हें तळें उथळ जमिनीच्या शेतकऱ्यास मिळालें तर त्याचें पीक वांचतें. पण मातीच्या थरांतील रेघ सरकल्यामुळें त्याची जमीन नकाशांत खोल दिसली, तर ताळेबंद म्हणतो, येथें तूट नाहीं. आणि तळें दुसऱ्याच्या शेतांत जातें. चुकीच्या रेघेचा दंड नकाशा काढणाऱ्यास होत नाहीं, तो त्या शेतकऱ्यास भरावा लागतो.

रेघ अशी सरकते कशी? बहुधा प्रमाणामुळें. गांवनकाशा पुष्कळ ठिकाणीं १:३,९६० या प्रमाणाचा, म्हणजे इंचास दहा साखळ्यांचा असतो. मातीचे व खडकांचे नकाशे त्याहून फार लहान प्रमाणावर असतात. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, सुमारें पांच साखळ्या. १:२,५०,००० प्रमाणांत तोच मिलिमीटर २५० मीटर होतो. एक हेक्टराचें चौरस शेत १०० मीटर बाजूचें असतें. तेव्हां पहिल्या नकाशांतील रेघ मिलिमीटरभर चुकली तर अर्धें शेत बदलतें, आणि दुसऱ्यांतील चुकली तर ती दोन शेतें ओलांडून तिसऱ्यांत जाते. संगणकाच्या पडद्यावर हे थर गटांच्या हद्दींवर ठेवून चित्र हवें तितकें मोठें करतां येतें, व रेघही सुबक दिसते. परंतु चित्र मोठें केल्यानें माहिती वाढत नाहीं. भिंगांतून ज्वारीचा दाणा मक्याएवढा दिसला, तरी पीठ तेवढेंच निघतें.

यांत नकाशा करणाऱ्याचा दोष असतोच असें नाहीं. लहान प्रमाणाचा नकाशा जिल्ह्याच्या विचारासाठीं केलेला असतो. तो गटाच्या निर्णयासाठीं वापरणें ही वापरणाऱ्या संस्थेची अपक्वता होय. तिसऱ्या पायरीवरची संस्था थराबरोबर त्याचें प्रमाण लिहिते, आणि तो कोणत्या कामास वापरूं नये तेंही लिहिते. चौथ्या पायरीवरची संस्था शंकास्पद गटांत खड्डा घेऊन मातीची खोली पाहते.

हद्दींच्या थराचेंही तसेंच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, व शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद मोबाईलवरून करूं लागला. अशा नोंदींत तो कोठें उभा आहे हें गटाच्या नकाशाशीं ताडतां येतें. पण जुना कागदी नकाशा संगणकांत आणतांना सरकला असेल, तर आपल्याच बांधावर उभा असलेला शेतकरी नकाशाच्या लेखीं शेजाऱ्याच्या शेतांत उभा असतो.

परीक्षा कशी घ्यावी

संस्थेच्या चार-पांच सभासदांनीं यासाठीं एक दिवस काढावा. सकाळीं कचेरींत बसून पुढील प्रश्न विचारावे, व प्रत्येक उत्तराचा कागद पाहावा. तोंडी उत्तर धरूं नये.

१. प्रत्येक थर कोणी, केव्हां व कोणत्या प्रमाणावर केला याचा लेखी दाखला आहे काय?

२. काम करणारा माणूस महिनाभर रजेवर गेला, तर तें काम कोण व कशाच्या आधारें करील?

३. मूळ फाइलींची दुसरी प्रत दुसऱ्या जागीं आहे काय, आणि ती उघडते कीं नाहीं हें शेवटीं केव्हां पाहिलें?

४. शेतकऱ्यानें चूक दाखविल्यास ती कोठें नोंदतात? मागील वर्षीं किती चुका नोंदल्या, किती दुरुस्त झाल्या, व त्यांस किती दिवस लागले?

५. गेल्या वर्षभरांत नकाशा पाहून कोणता निर्णय बदलला?

शेवटचा प्रश्न पुष्कळांस अवघड जातो. ज्या नकाशामुळें एकही निर्णय बदलला नाहीं, तो भिंतीची शोभा होय; मग त्याचे रंग कितीही सुरेख असोत.

दुपारीं शिवारांत जावें. ज्याप्रमाणें पीक-कापणीचे प्रयोग सोयीच्या शेतांत घेऊन चालत नाहीं, त्याप्रमाणें येथेंही सोयीचे गट निवडूं नयेत. सर्व गटांच्या चिठ्ठ्या करून त्यांतून दहा काढाव्या. प्रत्येक गटांत चार गोष्टी पाहाव्या: पीक तेंच आहे काय, विहीर किंवा नाला दाखविलेल्या जागीं आहे काय, उतार त्याच दिशेस आहे काय, आणि खड्डा घेतल्यास मातीची खोली नकाशाशीं जुळते काय. दहा गटांत चार म्हणजे चाळीस उत्तरें होतात. जुळलेलीं किती तें लिहावें. हाच त्या नकाशाचा अंतिम आंकडा. कचेरींत मिळालेला तो नजरअंदाज.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. साध्या मोबाईलचा जागेचा अंदाज स्वतःच कांहीं मीटर चुकतो. म्हणून थोड्या मीटरांच्या फरकावरून नकाशास चुकीचा ठरवूं नये, आणि बांधाचा तंटा तर या पाहणींत मुळींच आणूं नये. हद्दीची मोजणी रीतसर अर्ज करून भूमि अभिलेख खात्याकडूनच करून घ्यावी.

निकाल कसा वाचावा

सर्व गुणांची सरासरी काढण्याचा मोह होतो, तो आवरावा. समजा, एका संस्थेस साधनांबद्दल बारा आणे व वहिवाटीबद्दल चार आणे मिळाले. सरासरी आठ आणे येते, व संस्था मध्यम दिसते. वास्तविक तिची स्थिति नवा ट्रॅक्टर घेऊन डिझेलचा हिशेब न ठेवणाऱ्या बागाईतदारासारखी आहे. उलट साधनें सहा आणे, पण वहिवाट दहा आणे असलेली संस्था वरवर गरीब दिसली तरी तिचा नकाशा दर वर्षीं थोडा अधिक खरा होत जातो. पहिलीस आणखी यंत्रें देण्यांत अर्थ नाहीं. दुसरीस दिलेला पैसा वायां जाणार नाहीं. अनुदान मागणाऱ्यानें व देणाऱ्यानेंही हा भेद ध्यानांत ठेवावा.

प्रत्येक कामांत पांचवी पायरी गांठलीच पाहिजे असेंही नाहीं. दोन-तीनशें सभासदांच्या संस्थेनें थरांचे दाखले व प्रती यांत तिसरी पायरी, आणि चुकांच्या नोंदींत चौथी पायरी गांठली, तरी तें काम उत्तम समजावें. ज्या थरावर शेतकऱ्याचा पैसा अडतो त्यास आधीं हात घालावा, बाकीचे मागाहून.

आरंभ कोठून करावा असें कोणी विचारील, तर एका वहीपासून करावा. तीस ‘नकाशा-दुरुस्तीची वही’ म्हणावें, व तींत सहा रकाने आंखावे: तारीख, गट नंबर, काय चुकलें, कोणी सांगितलें, शेतांत जाऊन कोणी तपासलें, आणि नकाशांत केव्हां दुरुस्त झालें. दर महिन्याच्या सभेंत ती वही वाचावी, आणि सहावा रकाना ज्या ओळींत कोरा असेल त्या ओळी मोठ्यानें वाचाव्या. ज्याचा गट त्या ओळींत असेल तो सभेस आल्यावांचून राहणार नाहीं. माहितगार मनुष्य बदलून गेला तरी वही कचेरींतच राहते, आणि पुढचा माणूस पहिल्या पानापासून आरंभ न करतां शेवटच्या ओळीपासून करतो. यंदाची पेरणी होण्यापूर्वीं आपल्या संस्थेंत अशी वही आहे काय तें सभासदांनीं पाहावें. नसल्यास पुढच्या सभेंत मागणी करावी.